श्रावणातला बोंबील

माणिक धुरीच्या दाराची बेल वाजली तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. श्रावणाचा सतरावा दिवस. ती ओट्याशी उभी राहून चहाला आधण ठेवत होती. दार उघडलं तर समोर शेजारचेच, सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर. एका हातात कागद आणि दुसऱ्या हाताने नाकाला लावलेला रुमाल. रुमाल असा धरला होता, की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसावा.

"आज काय, बोंबील?" रुमालाआडून प्रश्न आला.

"श्रावण आहे," माणिक म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. निदान श्रावणात तरी."

माणिकला आधी हसू आलं, राग मागाहून आला. आषाढातल्या अमावास्येला सुरमई खाऊन तिने मासळीचा तवा राखेने घासला होता आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. वेंगुर्ल्याच्या घरची रीत होती ती. गणपती पोचवल्याशिवाय तवा खाली येत नसे. एकोणसत्तर वर्षांत ही रीत एकदाही मोडली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही.

"आत या," ती म्हणाली. "डबे उघडून बघा. फ्रीज बघा. कचऱ्याची बादली बघा."

"मी कुणाच्या कचऱ्यात हात घालत नाही. आमच्या घरात तर चार वाजल्यापासून उभं राहवत नाही. डक्टमधून सगळा वास आमच्याकडे." श्यामसुंदरने कागद पुढे केला. "रविवारी साडेतीनला मीटिंग आहे, खाली पार्किंगमध्ये. त्याआधी यावर सही लागेल. नाहीतर तुमच्या घरमालकांना कळवून टाकतो, की अ‍ॅग्रीमेंट पुढे वाढवायला कमिटीची परवानगी नाही."

कागदावर दोनच ओळी होत्या. या घरात आम्ही मांस-मासळी आणणार नाही, शिजवणार नाही. आजवर झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.

दार लावून माणिक ओट्याशी परत आली. चहा उतू गेला होता. तिने दीर्घ श्वास घेतला, आणि तिला कबूल करावं लागलं, की वास खरंच होता. गेले दहाबारा दिवस दुपारी तो यायचा आणि दिवेलागणीला विरून जायचा. शिळ्या मासळीच्या पाण्यासारखा. कुणीही शपथेवर सांगितलं असतं, की शेजारी बोंबील सुकवलेत.

कुणीही, पण माणिक नाही. तिला तो वास खटकत होता. या वासात मीठ नव्हतं. मासळी कितीही शिळी झाली तरी तिच्या तळाशी समुद्र असतो. हा कोरडा वास होता. समुद्र कधी न पाहिलेला.

मुलुंड पूर्वेला नवघर रोडच्या आतल्या गल्लीतली ती चार मजली इमारत. सोळा घरं, लिफ्ट नाही. बहुतेक मंडळी शाकाहारी, आणि तसा लेखी नियम कुठेच नसला तरी तो आहे असं सगळे धरून चालायचे. धुरी तिसऱ्या मजल्यावर तीन वर्षं भाड्याने राहत होते. मुलगा सहदेव, सून अनुपमा, चौथीतली नात आणि माणिक. अ‍ॅग्रीमेंट महिनाअखेरीला संपत होतं. नातीची शाळा गल्लीच्या तोंडाशी होती. अनुपमाचं ऑफिस ठाण्याला, सहदेवचं पवईला. हे घर सुटलं तर त्या भाड्यात एवढं जमणारं दुसरं घर मुलुंडमध्ये मिळणार नव्हतं, हे चौघांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी सहदेवने कागद वाचला आणि खिशातून पेन काढलं.

"आये, सई कर आणि मोकळी हो."

"कित्याक?"

"कित्याक म्हणजे? शाळा सुरू आहे पोरीची. मासे काय, आपण बाहेर जाऊन खाऊ."

"कागद खोटो असा," माणिक म्हणाली. "मी मासो शिजवलंय असा लिवलाहा तेच्यात. दिलगीर म्हणे. मी काय चोरी केलंय?"

"तुझा आपला सगळ्यात तत्त्व. वीस वर्षांपूर्वी बाबा पण हेच म्हणायचे."

"बाबा गेले बिचारे. तू गप ऱ्हव."

अनुपमा मध्ये पडली. ती सोलापूरकडची, घरात मालवणी सुरू झालं की तिला अर्धंच कळायचं, पण सासूचा आवाज पूर्ण कळायचा. "आई, मी तुमच्या बाजूने आहे. पण मग हा वास येतोय कुठून? ते एकदा सांगून टाका ना सगळ्यांना."

तेच तर माणिकला सांगता येत नव्हतं. आणि ही तिच्यासाठी फार मोठी नामुष्की होती, कारण तिच्या नाकाने तेवीस वर्षं पगार मिळवला होता.

एकोणिसाव्या वर्षी ती भांडुपच्या रेडिओच्या कारखान्यात लागली. पहिली चार वर्षं सोल्डरिंगच्या बाकावर. गरम राळेचा तो धूर केसांत, पदरात, डब्यातल्या भाकरीत. मग एके दिवशी तिने समोरून चाललेल्या तयार सेटकडे न बघताच म्हटलं, "हा परत पाठवा, आत काहीतरी करपतंय." सेट उघडला तर आतली एक वायर चिमटून तिचं वेष्टण वितळायला लागलं होतं. सुपरवायझर चंद्रप्रकाश मास्तरांनी तिला दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीत नेलं. त्या खोलीत दोन-दोनशे सेट चार-चार तास चालू ठेवलेले असायचे, आणि माणिकचं काम एवढंच, की रांगांमधून फिरायचं आणि हुंगायचं.

मास्तर शिकवायचे ते अजून तिच्या कानात होतं. पहिल्यांदा तापलेल्या धुळीचा वास; खुशाल येऊ दे, तासाभरात जातो. नव्या वॉर्निशचा, डोकं दुखेल, खिडकी उघड. माशाचा वास आला तर समज, कंडेन्सर फुटून आतलं पाणी गळतंय किंवा प्लग आणि सॉकेट तापून जळतायत. सेट बंद कर, पुढे आग आहे. आणि सडक्या लसणाचा वास आला तर विचार करू नकोस, कुणाला विचारूही नकोस. जुन्या सेटच्या रेक्टिफायरमध्ये, म्हणजे वीज एकाच दिशेने सोडणाऱ्या भागात, सेलेनियमचे पत्रे असतात, ते जळाले की असा वास येतो. तो धूर विषारी. माणसं बाहेर काढ, मग बोल.

तो चौथा वास तिला नोकरीत एकदाच आला. एक जुना चार्जर होता. ती ओरडली, पण तासाला इतके सेट बाहेर काढायचे हे ठरलेलं, त्यामुळे रांग कुणी थांबवेना. खंडू नावाचा मेकॅनिक हसत म्हणाला, "माणिक, तुझ्या डब्यात लसणाची चटणी असेल," आणि काय झालंय ते बघायला चार्जरवर वाकला. दोन दिवस तो हॉस्पिटलात उलट्या करत होता आणि महिनाभर त्याचा घसा धड नव्हता. वाचला. पण माणिकने तेव्हा मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली. माणसं एकदा ऐकत नाहीत म्हणून आपण आपल्या नाकाला खोटं पाडायचं नाही.

कागद आला त्या रात्रीच तिने घरातला एकूण एक प्लग हाताने चाचपला. फ्रीजचा स्टॅबिलायझर उलटा केला. टीव्हीच्या मागे नाक खुपसलं. दुसऱ्या दिवशी सहदेवकडून बाथरूममधल्या गीझरचं झाकण उघडून घेतलं. सगळं थंड, सगळं निर्दोष. इथेच ती चुकली. मासळीचा आळ आपल्यावर आला म्हणून वासाचं मूळही आपल्याच घरात असेल, असं तीही नकळत धरून चालली. आरोप माणसाच्या अंगात असाच मुरतो.

शनिवारी तिने कागदाची घडी घातली आणि देवघरात, सुपारीच्या वाटीखाली ठेवली. सही केली नाही.

रविवारी साडेतीनला पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. बारा-तेरा माणसं जमली. सहदेव मागच्या खुर्चीवर खाली मान घालून बसला. श्यामसुंदरने विषय वाचून दाखवला, "दुर्गंधीबाबत," आणि म्हणाला, "धुरीबाई, कागद आणलाय?"

"नाही आणला. घरी आहे."

"म्हणजे सही केलीय?"

"नाही केली. मीटिंग वर घेऊ या. माझ्या स्वयंपाकघरात."

कुणीतरी हसलं. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, गुडघे आहेत आमचे."

"ताई, गुडघे माझेही आहेत," माणिक म्हणाली. "चार वाजता वास येतो म्हणता ना? चारला पंधरा मिनिटं आहेत. माझा गॅस सिलिंडरपासून बंद करून आलेय. माझ्या ओट्याशी उभं राहून सांगा, की मी काय शिजवतेय. तेवढं सांगता आलं तर तुमच्यासमोर सही करते. आणि सही करायला पेनही तुमचंच घेईन."

आता याला नाही म्हणणार कोण? श्यामसुंदरही म्हणू शकला नाही. सात-आठ जण जिने चढले, सहदेव सर्वांत मागे. गुडघेवाल्या ताई सर्वांत पुढे.

माणिकने तयारी नाटक कंपनीच्या व्यवस्थापकाने करावी तशी केली होती. ओटा धुऊन कोरडा. भांडी पालथी. फ्रीजचं दार सताड उघडं, कपाटांची दारं उघडी, कचऱ्याची बादली मध्यभागी आणि तिच्यात फक्त भेंडीची देठं. मंडळी दाटीवाटीने उभी राहिली. पोरांसारखी एकमेकांच्या खांद्यावरून बघत होती. भिंतीवरचं घड्याळ चारला टेकलं.

शेजारच्या घरातून, रोजच्यासारखं, भजन सुरू झालं. तबकडीचा खर्रर्र आवाज, मग बाईचा जुना, उंच सूर.

"नाना लागले," कुणीतरी कौतुकाने म्हणालं. नाना म्हणजे श्यामसुंदरचे वडील, वय चौऱ्याऐंशी. सोसायटी स्थापन झाली तेव्हापासूनचे अध्यक्ष. आता मीटिंगला उतरत नसत, पण कागदोपत्री अजून तेच. पत्नीला भजनांची आवड होती. ती गेल्यापासून नाना तिच्या तबकड्या श्रावणात काढायचे आणि महिनाभर रोज चार ते सहा लावायचे. श्रावण संपला की सगळं परत माळ्यावर. हे साऱ्या इमारतीला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच, घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ नये तसं, ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

पाच मिनिटं गेली, सात गेली. आणि डक्टच्या खिडकीतून वास आला.

"आला," श्यामसुंदर म्हणाला, आणि रुमाल बाहेर निघाला. "आता बोला."

पण गुडघेवाल्या ताई रिकाम्या ओट्याकडे बघत होत्या. "अहो, पण इथे तर काहीच नाही," त्या हळूच म्हणाल्या.

जिंकायचा क्षण समोर उभा होता आणि माणिकचं तिकडे लक्षच नव्हतं. ती ऐकत होती. चार वाजता भजन. चार वाजून गेल्यावर वास. सहा वाजता भजन बंद. दिवेलागणीला वास बंद.

"श्यामसुंदरभाऊ, नाना तबकड्या कशावर लावतात?"

"रेडिओग्रामवर. लाकडी आहे, त्यांच्या लग्नातला. त्याचं काय इथे?"

"अकरा महिने माळ्यावर आणि मग एकदम रोज दोन तास?"

"अहो, विषय बदलू नका. माझ्या वडिलांच्या भजनाला माशाचा वास येतो म्हणायचंय का तुम्हाला?"

"नानांना येत नाही का वास?"

"त्यांचं नाक कोरोनाच्या साथीत गेलं. तेव्हापासून त्यांना कसलाच वास येत नाही."

माणिक पुढचं वाक्य बोलणार तोच डक्टमधली हवा बदलली. माशाचा वास मागे हटला आणि त्याच्या जागी दुसरा आला. उग्र, नाकपुड्यांना चावणारा. कुणीतरी म्हणालं, "आता फोडणी टाकली कुणी, लसणाची?"

चाळीस वर्षांपूर्वी ती ओरडली होती. या वेळी ओरडली नाही. डक्टची खिडकी धाडकन लावून घेतली. "सगळे खाली उतरा. सहदेव, शेजारच्यांचा मीटर खाली आहे, मेन पाड. आधी मेन, मग बाकीचं." आणि श्यामसुंदरचा दंड धरून तिने त्याला शेजारच्या दाराशी नेलं. "चावी."

"अहो, पण..."

"चावी काढ, मेल्या."

सोसायटीच्या सेक्रेटरीला तिसऱ्या मजल्यावर असं कुणी बोललं नव्हतं. त्याने चावी काढली.

आतल्या खोलीत दिवाणाशेजारी तो शिसवी रेडिओग्राम होता. मागच्या जाळीतून पिवळट धूर झिरपत होता. भजनाचा सूर आता घोगरा, बुडाल्यासारखा झाला होता, आणि नाना त्या पेटीवर वाकून, तिच्या कडेला थोपटत, काय बिघडलंय ते बघत होते. अगदी खंडूसारखे. माणिकने पदर नाकावर ओढला, श्वास रोखला, नानांना पाठीमागून काखेत धरलं आणि उलट्या पावलांनी ओढत दाराबाहेर आणलं. तेवढ्यात मेन पडली. सूर लांबत, खाली घसरत, थांबला. श्यामसुंदर आत घुसायला निघाला तर तिने त्याला हाताने अडवलं.

"अर्धा तास कुणी आत जायचं नाही. जिन्याच्या खिडक्या उघडा. नानांना गच्चीवर न्या, वारा लागू दे. आणि डॉक्टरांना बोलवा. पेटीतले सेलेनियमचे पत्रे जळाले म्हणून सांगा, नुसतं 'धूर' म्हणू नका."

गच्चीवर नाना पाण्याच्या टाकीला टेकून बसले. खोकत होते, डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "आठ दिवस डोकं ठणकतंय," ते म्हणाले. "मला वाटलं, वय झालं."

डॉक्टर येऊन तपासून गेले. छाती साफ होती. आणखी दहा मिनिटं त्या धुरात वाकून राहिले असते तर वेगळं बोलावं लागलं असतं, असं म्हणाले. डोकेदुखी त्या वासानेच होती का, हे छातीठोक सांगता येत नाही. पण बंद खोलीत रोज दोन तास तो वास घेणं बरं नव्हेच.

"म्हणजे माशाचा वास तो नव्हताच," ताईंनी सगळ्यांच्या वतीने जाहीर केलं.

श्यामसुंदरने नानांना पाणी पाजलं. मग माणिकपाशी आला. त्याच्या आवाजातला रुमाल गेला होता.

"बाई, चूक झाली. तो कागद मी फाडतो. वास तुमचा नव्हता हे सिद्ध झालं, विषय संपला."

सहदेवने सुटकेचा श्वास सोडला. माणिकने मात्र मान हलवली.

"विषय संपला नाही. वास माझा नव्हता म्हणून मला सोडताय. हे मला नको."

"आये," सहदेव कळवळून म्हणाला.

"थांब रे. श्यामसुंदरभाऊ, गणपती पोचले की माझा तवा खाली येईल. मी बांगडे तळणार. तेव्हा माशाचा वास येईल, आणि तो माझाच असेल. तो तुम्हाला आवडणार नाही. खिडकी लावा, मला वाईट वाटणार नाही. मीही माझी डक्टची खिडकी लावून तळेन, शेजार पाळते मी. पण त्या वासाने आजवर कुणाला गच्चीवर आणावं लागलेलं नाही. ज्या वासाला तुम्ही बारा दिवस नाकं मुरडत होतात, रुमाल लावत होतात, तो तुमच्याच घरात तुमच्या बापाला खात होता, आणि तुम्ही माझी कचऱ्याची बादली हुंगत होतात. आता सांगा, अ‍ॅग्रीमेंटला परवानगी देता की नाही. सही मी करणार नाही. आजही नाही, बांगडे तळताना पकडलंत तरी नाही."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"पेन आण," नाना खोकत म्हणाले.

"नाना, तुम्ही पडून राहा."

"अध्यक्ष कोण आहे, तू की मी? परवानगीचा कागद आण. आणि काय गं, माणिक, माझी पेटी गेली का पार?"

"पेटी नाही गेली, नाना. ते पत्रे गेले. ते फेकून साधा डायोड घालायचा, कंडेन्सर सगळे नवे, वायर नवी. मी सांगेन तसं करणारा मेकॅनिक आहे घाटकोपरला. तोवर प्लग लावायचा नाही."

"श्रावण संपेल तोवर."

"संपू दे. गेलेल्या माणसाला तिथीचं काय एवढं? भाद्रपदात ऐकतील त्या."

नानांनी गच्चीच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली. नाव पूर्ण लिहिलं.

गणपती पोचवल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी माणिकने माळ्यावरून तवा काढला. सकाळीच बाजारात जाऊन तिने सहा बांगडे निवडून आणले होते. हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून ठेवले. डक्टची खिडकी बोलल्याप्रमाणे लावली. तेल तापलं, पहिला बांगडा चरचरला, आणि वास जायचा तिथे गेलाच. पलीकडून खिडकी आपटल्याचा आवाज आला. माणिकने ऐकला आणि बांगडा उलटला.

पाच मिनिटांनी बेल वाजली. दारात श्यामसुंदर. रुमाल नव्हता, त्याने नुसताच श्वास धरून ठेवला असावा, कारण चेहरा लाल झाला होता.

"बाई, नानांची पेटी आली दुरुस्त होऊन. आत्ताच लावली. काहीतरी वास येतोय. तुम्ही जरा बघता का? ते म्हणतात, माणिकने सांगितल्याशिवाय बंद करणार नाही."

"मेकॅनिकला विचारायचं."

"विचारलं. तो म्हणतो, काही नाही. नाना म्हणतात, त्याच्या नाकावर विश्वास नाही."

माणिकने गॅस बारीक केला. जिन्यात जाऊन, मासळीच्या वासापासून दूर, खिडकीशी उभं राहून तिने दोन-तीन वेळा नाक मोकळं केलं, गवयाने घसा साफ करावा तसं. मग नानांच्या खोलीत शिरली. रेडिओग्राम गात होता. नाना डोळे मिटून बसले होते. ती पेटीमागे वाकली, जाळीला नाक लावलं, क्षणभर थांबली.

"धूळ तापतेय," ती म्हणाली. "तासाभरात जाईल. खुशाल ऐका."

"आणि तो दुसरा?" श्यामसुंदरने विचारलं. "तो दारातून येतोय तो?"

"तो बांगडा," माणिक म्हणाली. "त्याला घाबरायचं नाही." आणि बांगडा करपायच्या आत ती घाईने घरी परतली.